टिकलीचा दिवा गेला

भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बघू? गोड बोलतो त्याच्यावर? की बोलला की उठतो त्याच्यावर? घाई नको. आधी टिकलीची गोष्ट ऐका, मग सांगा.

टिकली म्हणजे पालीचं पिल्लू. एवढंसं, करंगळीएवढं. राहायची पोपटशेठच्या साडीच्या दुकानात, विजेवर गाणी वाजवणाऱ्या जुन्या पेटीमागे. पेटीला होती काचेची खिडकी. खिडकीत पिवळा दिवा. दिव्यापुढे एक काटा. गाणं जोरात, काटा जोरात. गाणं हळू, काटा हळू.

दिवस कलला की दिव्यापाशी चिलटं यायची. टिकली जीभ काढायची. लप! झालं जेवण.

एकदा काय झालं? फुस्स! दिवा गेला. गाणं चालू, काटा चालू, खिडकीत मात्र काळोख. चिलटं आलीच नाहीत. टिकलीचं पोट बोलू लागलं, कुर्र कुर्र.

निघाली टिकली. सरसर सरसर, चुक चुक. गेली पोपटशेठकडे.

"शेठ शेठ, दिवा लावा.
दिवा लागला तर चिलटं येतील.
चिलटं आली तर टिकली जेवेल."

पोपटशेठ भारी गोड. गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती पाठवतानाही चहा विचारायचे. टिकलीलाही विचारला. मग गादीवरून न हलता म्हणाले, "मिस्त्री पेटी उघडेल, तर मी दिवा लावीन."

सरसर सरसर, चुक चुक. गेली यासीन मिस्त्रीकडे. त्याच्याकडे उघडलेले रेडिओ अठरा. पुन्हा मिटलेला एकही नाही.

"मिस्त्री मिस्त्री, पेटी उघडा.
पेटी उघडली तर शेठ दिवा लावतील.
दिवा लागला तर चिलटं येतील.
चिलटं आली तर टिकली जेवेल."

मिस्त्री म्हणाला, घरचंच काम आहे, काळजी कशाला. आणि कान खाजवला. "नवा दिवा येईल, तर मी पेटी उघडीन."

सरसर सरसर, चुक चुक. गेली इंदूमावशीच्या दुकानात. तिथे मिळे वायर, बटणं आणि बरणीभर दिवे.

"मावशी मावशी, नवा दिवा द्या.
नवा दिवा आला तर मिस्त्री पेटी उघडेल.
पेटी उघडली तर शेठ दिवा लावतील.
दिवा लागला तर चिलटं येतील.
चिलटं आली तर टिकली जेवेल."

इंदूमावशी नमुना बघितल्याशिवाय काडेपेटीसुद्धा देत नसे. म्हणाली, "जुना दिवा नमुन्याला येईल, तर मी नवा देईन."

आता आली का पंचाईत? जुना दिवा बसलाय बंद पेटीत. पण टिकली करंगळीएवढी. पेटीच्या फटीतून गेली आत. सरसर सरसर, चुक चुक.

"दिव्या दिव्या, खाली उतर.
जुना दिवा उतरला तर मावशी नवा देईल.
नवा दिवा आला तर मिस्त्री पेटी उघडेल.
पेटी उघडली तर शेठ दिवा लावतील.
दिवा लागला तर चिलटं येतील.
चिलटं आली तर टिकली जेवेल."

दिवा जळून काळा ठिक्कर. तोरा मात्र शाबूत. म्हणाला, "माझ्यापुढे नाच चाललाय. काटा थांबेल, तर मी उतरेन."

काटा तिथेच होता.

"काट्या काट्या, नाच थांबव.
काटा थांबला तर जुना दिवा उतरेल.
जुना दिवा उतरला तर मावशी नवा देईल.
नवा दिवा आला तर मिस्त्री पेटी उघडेल.
पेटी उघडली तर शेठ दिवा लावतील.
दिवा लागला तर चिलटं येतील.
चिलटं आली तर टिकली जेवेल."

काटा म्हणाला, "मी तर ताबेदार. गाणं थांबेल, तर मी थांबेन."

"गाण्या गाण्या, थांब जरा.
गाणं थांबलं तर काटा थांबेल.
काटा थांबला तर जुना दिवा उतरेल.
जुना दिवा उतरला तर मावशी नवा देईल.
नवा दिवा आला तर मिस्त्री पेटी उघडेल.
पेटी उघडली तर शेठ दिवा लावतील.
दिवा लागला तर चिलटं येतील.
चिलटं आली तर टिकली जेवेल."

गाणं म्हणालं, "ला ला ला! शेठ बटण दाबतील, तर मी थांबेन."

बघा! सगळी पेठ फिरली, आणि परत कुठे? शेठच्याच गादीपाशी.

"शेठ शेठ, बटण दाबा.
बटण दाबलं तर गाणं थांबेल.
गाणं थांबलं तर काटा थांबेल.
काटा थांबला तर जुना दिवा उतरेल.
जुना दिवा उतरला तर मावशी नवा देईल.
नवा दिवा आला तर मिस्त्री पेटी उघडेल.
पेटी उघडली तर शेठ दिवा लावतील.
दिवा लागला तर चिलटं येतील.
चिलटं आली तर टिकली जेवेल."

शेठ गोड हसले. "उद्या ये हं, बाळ."

पोट म्हणालं, कुर्र कुर्र. टिकली निघाली. भिंतीवर चढली. छतावर गेली. बरोब्बर शेठच्या टोपीच्या वर थांबली.

आता शेठचं एक होतं. पाल अंगावर पडली, की दुकान बंद. तडक घर. डोक्यावरून आंघोळ. अख्ख्या पेठेला ठाऊक. टिकलीलाही ठाऊक.

टिकली वरून म्हणाली, "शेठ, पडू का?"

शेठ उठले की! वर्षात पहिल्यांदा इतके चटकन उठले. टक! बटण दाबलं.

गाणं थांबलं.
काटा थांबला.
जुना दिवा उतरला, टुण!
टिकलीने तो फटीतून ओढला. मावशीने नमुना पाहिला आणि नवा दिला.
नवा दिवा आला, तशी मिस्त्रीने प्लग काढला, पेटी उघडली, दिवा बसवला, पेटी मिटली. हो, मिटली! टिकली त्याच्याही डोक्याच्या वर, छतावर बसली होती ना.
प्लग लावला. शेठने बटण दाबलं. लख्ख!
चिलटं आली. भुण भुण भुण.
टिकली जेवली. लप! लप! लप!

मग लोक जमले. शेठ म्हणाले, दिवा मी लावला. मिस्त्री म्हणाला, मी बसवला. मावशी म्हणाली, दिवा तर माझाच. केराच्या डब्यातून जुना दिवा म्हणाला, जागा मी दिली. आणि टिकली? तिचं तोंड भरलेलं होतं.

आता बाळांनो, बोटं पुढे करा. गोड कोण कोण बोललं, ते एका हातावर मोजा. पेठभर कोण फिरलं, ते दुसऱ्या हातावर. पण हिशोब खरा ठेवा बरं का. टिकलीचं बोट मोजायला विसरू नका, आणि मग सांगा, भरवसा कुणावर ठेवावा?