चौरंगावरचे पाय

माघ वद्य तृतीया. हवा ढगाळ, वारा पडलेला. वस्तू माणसांशी बोलायच्या त्या काळची ही नोंद.

तीन वर्षांची रेवू काल जेवताना खुर्चीवरून पडली आणि तिची हनुवटी फुटली. आज आईने तिला ओढणीने खुर्चीला बांधलं, तरी ती वळवळतच होती.

"आणखी आवळा, कार्टी मलाही पाडेल!" खुर्ची ओरडली.

"सूनबाई, तिचे पाय लोंबकळताहेत, म्हणून ती वळवळतेय," कोपऱ्यातला चौरंग म्हणाला. "मला खाली सरकवा."

आई दचकली. "अरे, तुझ्यावर गणपती बसतो!"

"वर्षातून दहा दिवस. एरवी मी रिकामाच असतो."

आईने रेवूच्या हनुवटीवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग तिने ओढणी सोडली आणि चौरंग पायांखाली सरकवला.

रेवूने दोन्ही पाय टेकवले, दीड पोळी खाल्ली आणि अठरा मिनिटांनी ती स्वतःहून खाली उतरली.