सैल तारा

गिटारी माणसांसारख्या भांडत, त्या काळची ही गोष्ट. दुरुस्तीच्या दुकानात तीन गिटारी टांगल्या होत्या. सगळ्यात थोर वादक कुणाचा, यावरून दोघींची जुंपली.

"माझ्याने अख्खं स्टेडियम नाचवलं!"

"माझ्याची बोटं तर दिसायचीही नाहीत, इतकी पळायची!"

दोघींनाही वादकांनी केव्हाच टाकलं होतं. तशाच ताणलेल्या राहिलेल्या तारांच्या ओढीने त्यांच्या माना वाकल्या होत्या.

"तुझा गं कोण?" त्यांनी तिसरीला विचारलं.

"इनास. चर्चमध्ये वाजवायचा, चुकायचाही फार. इस्पितळात जाताना त्याने माझी एकेक तार सैल केली. म्हणाला, 'मी परतलो नाही, तर तुझी मान वाकायला नको, पोरी.'"

"मग? परतला?"

"नाही. पण मान बघा, अजून सरळ आहे."