घाटापुरती ताकद

एकदा एक काजूचा व्यापारी कोकणातून घाट चढून वरच्या शहरात आला आणि दस्तगीर वस्तादांच्या कारखान्यासमोर त्याने आपली मोटार उभी केली. वस्तादांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. कंपनीतून आलेली साधी गाडी घ्यायची आणि तिच्या इंजिनातून दीडपट, कधी दुप्पट ताकद काढून द्यायची, ही त्यांची विद्या. शर्यतीत गाड्या पळवणारे लोक लांबलांबून त्यांच्याकडे येत. अलीकडे त्यांचे हात कापू लागले होते, म्हणून सगळे काम त्यांचा शिष्य सुकुमार करी. सुकुमार तिशीतला होता, गुरूच्या नजरेखाली तयार झालेला, आणि आपल्या हाताच्या गुणाची त्याला पुरेपूर जाणीव होती.

व्यापाऱ्याचे नाव विश्राम परब. शर्यतीचा शौक असणारा माणूस तो दिसत नव्हता. पन्नाशी उलटलेली, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणे चुकीच्या काजांत अडकवलेली.

"हिची ताकद वाढवून द्या," तो म्हणाला. "वाढेल तेवढी."

"कशासाठी?" वस्तादांनी विचारले. हा प्रश्न ते प्रत्येकालाच विचारीत.

"घाट चढायला."

"घाट तर चढूनच आलात की."

परबाने खाली बघत सांगितले. पावसाळा संपता संपता एका दुपारी त्याच्या पत्नीच्या, हेमलताबाईंच्या, पोटात एकाएकी असह्य कळा सुरू झाल्या. गावातली रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. परबाने बाईंना मागच्या सीटवर निजवले आणि स्वतः गाडी काढली. मोठा दवाखाना घाटाच्या वर, या शहरात. गाडी दवाखान्याच्या दारात पोहोचली तेव्हा बाई गेलेल्या होत्या. तिथला एक डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाला, "जरा आधी आणलं असतं तर."

"गाडी चढत नव्हती हो," परब म्हणाला. "मी पाय दाबून धरला होता, पण ही चढतच नव्हती. हिच्यात दम असता तर हेमलता आज घरात असती."

वस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला. "ठेवून जा," ते म्हणाले.

परब गेल्यावर सुकुमारला राहवले नाही. "वस्ताद, बाई तर गेल्या. आता ही गाडी विमानासारखी पळाली तरी काय उपयोग? समजूत घाला त्यांची आणि परत पाठवा."

"समजूत घालणारे त्यांच्या गावात कमी असतील का?" वस्ताद म्हणाले. "तू काम घे. आणि हातचं राखून करू नकोस. निघेल तेवढी ताकद काढ."

सुकुमारला हे कोडे उलगडले नाही, पण काम हाती आले की त्याला दुसरे काही सुचत नसे. इंजिनात जादा हवा कोंबणारा जुना टर्बो उतरवून त्याने मोठा बसवला. आत जाणारी हवा थंड राहावी म्हणून इंटरकूलर वाढवला, इंधन सोडणारे इंजेक्टर बदलले, धूर बाहेर टाकणारा एक्झॉस्टचा पाइप मोकळा केला. वाढलेला जोर पेलावा म्हणून क्लच भारी घातला. ब्रेक तर वस्तादांनी समोर बसून बदलून घेतले. हवेची वाट उघडली तेव्हा आत काजळीचा जाड थर साचलेला निघाला. सुकुमार तो खरवडत असताना वस्ताद जवळ आले, त्यांनी चिमूटभर काजळी बोटांत चोळली, बराच वेळ तिच्याकडे पाहिले, आणि ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

परब मधूनमधून एसटीने येई. इंजिनाशेजारी स्टुलावर बसे. चहा दिला तर घेई, नाहीतर तसाच बसे. त्याचे बोलणे सगळे गाडीचेच. आता किती ताकद झाली? अजून वाढेल का? चढणीला किती फरक पडेल? एकदा सुकुमारने बिचकत विचारले, "बाई काय करत असत घरी?" परबाने ऐकलेच नाही असे वाटले. मग तो म्हणाला, "तो टर्बो याच्याहून मोठा मिळत नाही का?"

अखेर गाडी तयार झाली. रोलरवर चढवून ताकद मोजली तेव्हा सुकुमारचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इतके सुबक काम आजवर त्याच्या हातून झाले नव्हते. परब गाडी न्यायला आला, किल्लीसाठी त्याने हात पुढे केला, तर वस्ताद म्हणाले, "चाचणी तुमच्याच घाटात घेऊ. आम्ही दोघं येतो."

तिघेही सावकाश घाट उतरून परबाच्या अंगणात आले. दुपारची वेळ होती. कोणी घरात गेले नाही. परब चालकाच्या दाराकडे निघाला, तेव्हा वस्तादांनी त्याला थांबवले.

"तुम्ही मागं बसा. बसा नाही, निजा. बाई निजल्या होत्या तसे."

परबाने दाराची मूठ धरली. "मी चालवणार. त्यासाठीच तर केलं हे सगळं."

"नंतर चालवा. आधी मागं."

"वस्ताद," सुकुमार हलक्या आवाजात म्हणाला, "हे बरं दिसत नाही. दुखावलेला माणूस आहे."

"तू चालव. शर्यतीच्या दिवशी चालवतोस तशी. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही."

आजवर सुकुमारने गुरूचा शब्द मोडला नव्हता. पण त्या दिवशी किल्ली फिरवताना त्याला गुरूचा राग आला. मेलेल्या बाईची जागा जिवंत नवऱ्याला दाखवायची, ही कसली चाचणी? मागे परब गुडघे दुमडून, डोके दाराला टेकवून निजला होता. वस्ताद पुढे बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

घाट सुरू झाला. रस्ता मोकळा होता. सुकुमारने पाय दाबला आणि गाडी अशी उसळली की त्याचा राग क्षणभर विरून गेला. जिथे भल्या भल्या गाड्या धापा टाकतात, तिथे ही चढणीला सपाटीसारखी ओढत होती. पहिले वळण आले. टायर करकरले, गाडी डोंगराच्या कुशीत शिरली आणि बाहेर पडली. मागे काहीतरी दारावर आदळल्याचा आवाज झाला. दुसरे वळण. पुन्हा तोच आवाज. रस्ता जागोजागी उखडलेला होता. खड्डा आला की गाडी टणकन उडे आणि मागून दबलेला हुंकार ऐकू येई. सुकुमारने वस्तादांकडे पाहिले. ते समोर बघत होते.

पुढच्या वळणाला गाडी आत घुसली, तोच मागून परब ओरडला.

"अरे सावकाश! सावकाश घे! तिला लागतंय!"

सुकुमारचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी मंदावली. परब उठून बसला होता, पुढच्या सीटची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती, आणि आपल्याच तोंडून काय निघाले ते ऐकल्यासारखा तो थिजला होता.

"थांबव," वस्ताद म्हणाले.

गाडी कठड्याशी थांबली. परब उतरला, दोन पावले चालला आणि कठड्यावर बसला. मग कोणाकडे न बघता तो बोलू लागला.

"ती सांगत होती. इथंच, या वळणांवर. 'अहो, हळू घ्या. सहन होत नाही.' आणि मी हळू घेतली. खड्डा दिसला की थांबत होतो, चाक अलगद उतरवत होतो. गाडी चढत होती. मीच चढवत नव्हतो." त्याने वर पाहिले. "म्हणजे गाडीनं नाही, वस्ताद. उशीर मी केला. मीच मारली तिला."

गुरूने या माणसाच्या छातीवरचा एक दगड काढून दुसरा मोठा ठेवला, असे सुकुमारला वाटले.

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकत त्याच्या शेजारी बसले.

"जोरात आणली असती तर त्या वाचल्या असत्या का, ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "जाता जाता बोलून गेलेल्या त्या डॉक्टरलाही ठाऊक नसेल. मी खोटं सांगणार नाही. पण मागच्या सीटवरून हा घाट कसा लागतो, ते आत्ता तुम्ही पाहिलंत. धडधाकट माणूस असून तुम्हाला सोसलं नाही. त्या बाईनं तुमच्याकडे काय मागितलं? जीव वाचवा असं नाही मागितलं. हळू घ्या म्हणाल्या. आणि तुम्ही ऐकलंत. शेवटची वाट त्यांना जितकी कमी दुखेल तितकी तुम्ही केलीत. तुम्हाला ते आठवत नव्हतं. गाडी चढत नव्हती एवढंच धरून बसला होतात. उशिराचं ओझं सोसेना की स्वतःचं चांगलं कामही माणूस असं पुरून टाकतो आणि वर यंत्र रचत बसतो."

आधी परबाचे खांदे हलू लागले, मग तो मोठ्याने रडू लागला. बाई गेल्यापासून तो रडलाच नव्हता, हे त्याने नंतर सांगितले. वस्ताद उठले आणि सुकुमारजवळ येऊन उभे राहिले.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" सुकुमारने विचारले.

"एवढं नव्हतं माहीत. ती काजळी पाहिलीस ना? गाडी सतत बेताबेतानं चालवली की आत तशी साचते. आहे ती ताकदही या माणसानं कधी वापरलेली नव्हती. असा जपून चालवणारा, मागं बायको कळवळत असताना एकाएकी बेफाम पळवेल, हे मनाला पटेना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? इतकं काम का करायला लावलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी? म्हणाले असते, गाडीत दम असता तर पळवली असती. तो दम आधी द्यावा लागला. तुझं काम अर्धवट असतं तर त्यांना कायम वाटत राहिलं असतं, की अजून थोडा मोठा टर्बो हवा होता."

सुकुमारने मान खाली घातली. आपण इतके दिवस इंजिनाला कान लावून बसलो आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाचे काहीच ऐकले नाही, हे त्याला तेव्हा उमगले.

परब तोंड पुसत आला. "ही होती तशी करून द्या," तो म्हणाला. "सगळं काढून टाका. वाईट वाटून घेऊ नका, काम फार चांगलं केलंत."

"करतो," सुकुमार म्हणाला. त्याला वाईट वाटले नाही.

या वेळी परब पुढे बसला आणि वस्ताद मागे. गाडी हळूहळू चढू लागली. दोन वळणे गेली आणि परब अचानक बोलू लागला. हेमलताबाई कशा गेल्या ते नव्हे, कशा होत्या ते. दशावताराच्या खेळाला त्या हट्टाने पुढची जागा धरीत आणि सुरुवातीलाच येणारे गणपतीचे सोंग आत जायच्या आधीच झोपी जात. परबाच्या काजूच्या कारखान्यातल्या बायकांची भांडणे सोडवायला जात आणि एका बाजूने स्वतःच भांडू लागत. हे सांगताना परबाला हसू फुटले, मग त्याने डोळे पुसले, मग तो पुन्हा सांगू लागला.

घाट संपला तरी त्याचे बोलणे संपले नव्हते. सुकुमारने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्याचा शब्द न् शब्द ऐकू यावा म्हणून इंजिन बंद केले.