सत्यनारायणाला टांगलेलं झुंबर

माझे वडील, अण्णा, मिरजेच्या एमआयडीसीत दिवे बनवतात. माझ्या लग्नानंतर त्यांनी माझ्या सासरच्या दिवाणखान्यात आपल्या हातचा दिवा बसवून दिला होता. सत्यनारायणाच्या दिवशी माझे चुलतसासरे तात्यासाहेब यांनी तो उतरवला आणि परदेशातून आणलेलं झुंबर टांगलं. पूजेला आलेले अण्णा ओसरीवर जाऊन बसले.

संध्याकाळी आरती सुरू झाली तसं झुंबर रंग बदलू लागलं. भटजी हिरवे झाले, सासूबाई जांभळ्या. तात्यासाहेबांनी रिमोट दाबला, तर झुंबराचा वेग वाढला. माहितीपत्रकाची लिपी कुणालाच वाचता येईना. आरतीचं कडवं कितवं, हेही कळेना. शेवटी कुणीतरी मेन स्विचच बंद केला.

समईच्या उजेडातही तात्यासाहेबांचा आवाज चढाच होता. "वस्तू भारीच आहे, आपल्यालाच वापरता येत नाही! सूनबाई, तुझ्या वडलांच्या दिव्यात याहून जास्त काय आहे? एक गोष्ट सांग, आत्ता झुंबर उतरवतो."

मी गोंधळले. वॉट-व्होल्ट मला कळत नाहीत. अण्णांची खाली गेलेली मान तेवढी दिसत होती.

"काका," मी म्हटलं, "तो दिवा बिघडला तर त्याचा बाप इथे ओसरीवर बसलाय. झुंबराच्या बापाला तुम्ही हाक मारा ना. बघू, कुठवर ऐकू जाते."

आधी भटजी हसले, मग सगळेच. तात्यासाहेबांनी घसा खाकरला आणि ते ओसरीकडे वळले.

"व्याही, शिडी मी धरतो. चढा तुम्ही."