चाकाखालचं लिंबू

जुनी गाडी घेताना भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बरं? परक्यावर, की आपली भाषा बोलणाऱ्यावर?

कॅनडातल्या एका बर्फाळ गावात दामूशेठ नावाचा मराठी व्यापारी होता. सत्तरच्या दशकातल्या लांबरुंद अमेरिकन गाड्या तो विकायचा. गाड्या कसल्या, चार चाकांवरचे दिवाणखानेच! हिवाळ्यात तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीचं खालचं लोखंड गुपचूप खातं.

एक हिरवी गाडी अशीच खालून गंजून पापड झाली होती. दामूशेठने आत नवा गालिचा अंथरला, वरून पॉलिश मारलं आणि गप्प बसला.

गिऱ्हाईक आलं ते नेमकं घरोब्याचं. अच्युतराव आणि शरयूवहिनी. दर रविवारी दामूशेठ त्यांच्याकडे पिठलंभात जेवायचा.

"अहो, ही गाडी की आगगाडीचा डबा?" अच्युतराव हसले.

"तुमच्या गिरगावच्या खोलीपेक्षा हिची डिकी मोठी आहे!" दामूशेठ म्हणाला.

सौदा ठरला. वहिनींनी गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबू ठेवायला त्या वाकू लागल्या. वाकल्या तर गंज दिसणार! त्याने झटकन लिंबू त्यांच्या हातातून घेतलं.

"बर्फात कशाला वाकता वहिनी? मी ठेवतो ना."

"भावजी, किती जपता हो आम्हाला!" वहिनींचे डोळे भरून आले.

त्याच हिवाळ्यात भर रस्त्यात गाडीचा सांगाडा मोडला. मागचं चाक निखळलं. अच्युतराव एकटेच गाडीत होते. ते घरी आलेच नाहीत.

दामूशेठ भेटायला गेला. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेला होता. पण वहिनीच आधी बोलल्या.

"चूक माझीच, भावजी. लिंबू घरच्या बाईनं ठेवायचं असतं. त्या दिवशी मीच वाकायला हवं होतं."

सांगायला आलेलं न सांगताच दामूशेठ पाटावर बसला. तो रविवार होता. वहिनींनी त्याच्यापुढे पिठलंभाताचं ताट ठेवलं. शेजारी अच्युतरावांचा पाट रिकामा होता.

तात्पर्य: आपल्या माणसाच्या विश्वासाआड लपवलेला दोष त्याच्याच जिवावर बेततो, आणि मग खरं बोलायलाही तोंड उरत नाही. म्हणून बाबांनो, मालाचा हिशेब मांडाल तेव्हा खालची बाजूही त्यात धरा; हिशेब सचोटीने ठेवा, एवढंच मागणं.