बॅटरी आणि इंजिनदादा

मोटारी आपसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. वसुधाताई डुंबऱ्यांच्या मोठ्या गाडीत बॅटरी आणि पेट्रोलचं इंजिन एकत्र नांदत होती. बॅटरी रोज घरी चार्ज व्हायची आणि शाळा, बाजार अशा जवळच्या फेऱ्या एकटीच करायची. इंजिन झोपून असायचं.

"फुकटचं ओझं वाहतेय मी तुझं," बॅटरी हिणवायची.

एका दुपारी वसुधाताईंच्या सुनेला, केतकीला, कळा सुरू झाल्या. दवाखाना घाटापलीकडे होता. सकाळपासून वीज नसल्यामुळे बॅटरी अर्धीच भरली होती. तरी ती तोऱ्यात निघाली आणि ऐन चढावर धापा टाकू लागली.

"इंजिनदादा, उठा हो! पोरगी कळवळतेय!"

"आत्ता दादा होय?" म्हणत इंजिन एकदा खोकलं आणि जोर लावून घाट चढलं. माथ्यावर ते म्हणालं, "आता उतार आहे. तू चाल, मी जरा दम खातो." उतरता उतरता फिरत्या चाकांच्या जोरावर बॅटरीत पुन्हा थोडी वीज भरली.

संध्याकाळी नात झाली. वसुधाताईंनी बाहेर येऊन बॉनेट थोपटलं. "शहाणी गं माझी बाय!"

"आपल्यापैकी कोणाला म्हणाल्या?" इंजिनानं विचारलं.

"गाडीला," बॅटरी म्हणाली.