तातोबाची वाम

वारणेकाठच्या एका गावात तातोबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. किती भोळा? लहानपणी एसटीचा कंडक्टर त्याला म्हणाला होता, "तिकीट जपून ठेव." तेव्हापासूनची सगळी तिकिटं तातोबाच्या उशीच्या अभ्र्यात होती.

तातोबाचं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. त्याची आई गोदाक्का त्या काळजीनं निम्मी झाली होती. येईल ते स्थळ तातोबाशी दोन वाक्यं बोलायचं आणि चहा न पिताच उठायचं. शेवटी नदीपलीकडचं एक स्थळ म्हणालं, "पुढच्या आठवड्यात घर बघायला येतो." गोदाक्कानं भिंतींना रंग दिला, नवे पडदे शिवले आणि शोभेला म्हणून तातोबाला बाजारातून फिशटँक आणायला पाठवलं.

तातोबानं काचेची टाकी आणली आणि तिच्यात सोडायला एक वाम आणली. लांबडी, तपकिरी, टोकदार नाकाची. आल्या आल्या तिनं वाळूत अंग पुरलं आणि नुसतं नाक बाहेर ठेवलं.

"मुडद्या, शोभेचा मासा आण म्हटलं तर साप आणलास व्हय?"

"साप न्हाई आये, मासाच हाय. तुला बघून लाजला."

तातोबानं टाकीत दाणे टाकले. दाणे वर तरंगत राहिले. वाम जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तातोबा घाबरून मासे विकणाऱ्या दस्तगीरचाचांकडं धावला.

चाचा म्हणाले, "अरे बाबा, ती वरचं खात न्हाई. लाजरी जात हाय. गांडुळं तळाशी सोड आणि दिवा मालव. अंधार झाला की गुमान खाती."

"बरं," म्हणत तातोबानं ते डोक्यात पक्कं बसवलं. घरी येऊन तसंच केलं आणि वाम पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारी बारशाची पंगत होती. तातोबा वाढायला होता. त्या घरचा नवा जावई ताटावर आडवा हात धरून "पुरे, पुरे" म्हणायला लागला. हा लाजतोय, हे तातोबानं बरोबर ओळखलं. तो गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला. मग आमटी जावयाच्या डोक्यावर, जिलेबी कुणाच्या मांडीवर, आणि पाळण्यातलं बाळ बोंबलायला लागलं ते वेगळंच.

गोदाक्कानं त्याला कान धरून घरी आणलं. "अरं, लाजणाऱ्याला आग्रह करायचा असतो! मानेला धरून घास तोंडापाशी न्यायचा, शपथ घालायची!"

"मग आधी सांगायचंस की," तातोबा म्हणाला आणि त्यानं ते डोक्यात पक्कं बसवलं.

घरी येताच त्यानं टाकीत हात घातला. वाम मानेला धरली, गांडूळ तिच्या तोंडापाशी नेलं आणि म्हणाला, "माझी शपथ हाय, एवढं घ्याच." आता वाम म्हणजे पाठीवर काट्यांची रांग. तिनं ते सगळे त्याच्या तळव्यात रुतवले आणि टाकीबाहेर उडी मारली. सापडली ती गोदाक्काच्या चपलेत.

तळव्याला हळद लावून तातोबा पुन्हा चाचांकडं गेला.

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "तिला हाताळायचं न्हाई! टाकीवर झाकण घाल, झाकणावर दगड ठेव. उघडं सापडलं की ही जात निसटतीच."

"बरं."

दगड ठेवला. पण तातोबाचा जीव राहीना. एकटीला करमत नसंल म्हणून पळत असंल, असं वाटून त्यानं माशांची मूठभर बारकी रंगीत पिल्लं आणून टाकीत सोडली. सकाळी बघतो तर पिल्लं नाहीत आणि वाम पोटुशी दिसतेय. तातोबा हुंदके देत दुकानात गेला.

"रडू नकोस," चाचा म्हणाले. "सोबती निवडायचा तर पहिल्यांदा तोंड बघावं. एकाच्या तोंडात दुसरा मावत असंल तर जोडी लावू नये. सकाळपर्यंत एकच उरतो."

"बरं," तातोबा डोळे पुसत म्हणाला. चाचांनी दिलेला मोठा, शांत गोरामी मासा त्यानं टाकीत सोडला आणि दोघांचं छान जमलं. चाचांचा शब्द म्हणजे शब्द, हे तातोबाला कळून चुकलं.

आणि पाहुणे आले. मुलगी वैजंता, तिचे वडील आणि मामा. गोदाक्कानं तातोबाच्या कानात सांगितलं, "त्या माशाला जेवढं जपतोस, तेवढं ह्यांना जप. बाकी कायबी नको."

"बरं."

पाहुणे टेकताच तातोबानं दार ओढून घेतलं आणि त्याला आतून पाटा लावला, वरवंट्यासकट.

"हे काय?" वडील दचकले.

"उघडं ऱ्हायलं की निसटता. मागची सगळी निसटली."

गोदाक्कानं पदर तोंडावर ओढला. मामा पोह्यांना "नको" म्हणाले. तातोबानं त्यांची पाठ नीट चाचपून बघितली, काटे नाहीत अशी खात्री केली, मग मानेला धरून चमचा तोंडापाशी नेला. "माझी शपथ हाय, एवढं घ्याच."

वैजंता फस्सकन हसली. मग तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती हसतच होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला पसंत हाय. आजपातूर मला बघायला आलेली सगळी तोंडं पाडून बसायची. ह्यो माणूस साधा हाय, पण जीव लावणारा हाय."

गोदाक्काला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांची काळजी डोळ्यांवाटे वाहून गेली. ती साखरेचा डबा घेऊन आली. वडीलही हसले आणि म्हणाले, "मग तातोबा, लावायची का जोडी?"

"थांबा," तातोबा गंभीरपणे म्हणाला. तो वैजंतासमोर जाऊन बसला. तिचं हसू अजून थांबलं नव्हतं. तातोबानं वाकून तिच्या उघड्या तोंडात नीट बघितलं. मग समोर आपली करंगळी धरून माप घेतलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आये, साखर ठेवून दे. न्हाई जमायचं."

"का रं, लेकरा?"

"पोरगी लई चांगली हाय," तातोबा दाराचा पाटा सरकवत म्हणाला. "पर माझी करंगळी मावतीया. सकाळपातूर ती एकटीच उरंल."